'पोर्ट' हा शब्द एक की अनेक?

कोशवेडा (डिचोली):
मुरगावचे पोर्ट, दारूच्या दुकानातली पोर्ट, कॉम्प्युटरच्या पाठीमागचे पोर्ट, मोबाइल नंबर पोर्ट करणे, आणि जहाजाची डावी बाजू तीही पोर्टच. दहावीच्या मुलांसाठी शब्दनोंदी लिहायच्या आहेत. यातले कुठले अर्थ एका मुळाचे आणि कुठले नुसते आवाजाने सारखे? आणि 'डावी' कुठून आली?

शब्दमूळ:
तीन लॅटिन शब्द वेगळे धरा. 'पोर्तुस' म्हणजे बंदर, 'पोर्ता' म्हणजे दरवाजा, 'पोर्तारे' म्हणजे वाहून नेणे. पोर्तुगीज येणाऱ्यांना हे सोपे जाईल: पोर्तो बंदर, पोर्ता दार. खुद्द पोर्तुगाल 'पोर्तुस काले' या बंदराच्या नावावरून आले.

बंदर, वाईन आणि डावी बाजू पहिल्या मुळाची. कॉम्प्युटरचे पोर्ट दुसऱ्याचे: जहाजाच्या कुशीत तोफांसाठी ठेवलेले झरोके, गोल खिडकी म्हणजे पोर्टहोल, मग यंत्रातले वाफेचे किंवा तेलाचे तोंड, शेवटी केबल खुपसायची जागा. नेटवर्कमधले ८०, ४४३ हे पोर्ट-क्रमांकही (वेबपाने याच दारांनी येतात) त्याच मुळाचे. क्रमांक १६ बिटांचा असल्याने ० ते ६५५३५ एवढीच दारे. नंबर पोर्ट करणे तिसऱ्या मुळाचे. पोर्टर, पोर्टेबल, इम्पोर्ट, रिपोर्ट हेही तिथलेच.

नोंदी वेगळ्याच द्या. तिन्ही मुळे आणखी मागे 'पार जाणे' या अर्थाच्या एकाच प्राचीन धातूकडे जातात (आपला 'पार' त्याच घराण्यातला), पण दहावीला ते सांगितले तर गोंधळच वाढेल.

दर्यावर्दी (वास्को):
डावीचे सांगतो. जुन्या युरोपीय जहाजांना मागे मधोमध सुकाणू नव्हते. उजव्या कुशीला मोठे वल्हे बांधून दिशा देत. म्हणून उजवी बाजू 'स्टारबोर्ड', म्हणजे सुकाणूची बाजू. ते वल्हे धक्क्यावर आपटून मोडू नये म्हणून जहाज डाव्या कुशीने धक्क्याला लावत. डावीला आधी 'लारबोर्ड' म्हणत, बहुधा माल चढवण्याची बाजू. वादळात स्टारबोर्ड आणि लारबोर्ड यांतला फरक ऐकू येईना, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये आणि अमेरिकेच्या नौदलाने १८४६ मध्ये 'पोर्ट' सक्तीचा केला.

भाषांतरात दोन चुका नेहमी होतात. पोर्ट साइडचे 'बंदराकडची बाजू' करतात. जहाज कसेही उभे असो, ती डावीच. आणि डावी म्हणजे पुढच्या टोकाकडे तोंड करून डावी, बघणाऱ्याची नव्हे.

जुनी इंग्रजी पुस्तके वाचताना आणखी एक खड्डा आहे. तेव्हा 'स्टारबोर्ड' हा हुकूम सुकाणूच्या दांड्याला असे, आणि दांडा उजवीकडे ढकलला की जहाज डावीकडे वळे. टायटॅनिकवर १९१२ मध्ये 'हार्ड अ-स्टारबोर्ड' म्हटले ते डावीकडे वळण्यासाठीच. ब्रिटनने ही पद्धत १९३३ मध्ये बदलली.

रात्री डाव्या कुशीला तांबडा दिवा, उजव्या कुशीला हिरवा, प्रत्येक ११२.५ अंशांत दिसतो. समोर दोन्ही दिसले तर बोट थेट अंगावर येतेय. दोघांनीही उजवीकडे वळायचे आणि डावीला डावी ठेवून निघायचे. भारतात बंदरात शिरताना तांबडे बोये (वाट दाखवणारे तरंगते खुणेचे पिंप) डाव्या हाताला राहतात. अमेरिकेत नेमके उलट.

द्राक्षरस:
तांबडा दिवा, तांबडी पोर्ट, डावी बाजू. मुलांना लक्षात ठेवायला एवढे पुरे.

वाईनचे नाव द्राक्षाचे नाही, पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराचे. तिथून ती जहाजात चढे. द्राक्षे मात्र आत दोरू नदीच्या खोऱ्यातली, आणि त्या खोऱ्याची हद्द १७५६ मध्येच ठरवून दिली गेली. रस आंबत असताना निम्म्याच्या आसपास साखर उरली की त्यात द्राक्षाची ७७ टक्क्यांची दारू ओततात: साधारण ४३५ लिटरला ११५ लिटर. यीस्ट मरते, साखर तशीच राहते, म्हणून पोर्ट गोडही आणि कडकही, १९ ते २२ टक्के. ओतायला उशीर झाला की साखर संपते आणि गोडवा जातो. आपल्याकडच्या बाटलीवर 'पोर्ट' छापले असेल तर टक्का वाचा. १९ च्या बराच खाली असेल तर ती गोड तांबडी वाईन. नोंदीत दोन्ही एक करू नका.

सिमवाला:
नंबर पोर्टसाठी 'पोर्ट', एक जागा सोडून दहा आकडी नंबर, असा मेसेज १९०० वर. आठ अक्षरांचा कोड येतो, आपल्याकडे चार दिवस चालतो. जुने बिल थकले असेल किंवा कनेक्शनला ९० दिवस झाले नसतील तर अर्ज अडतो. सिम नुकतेच बदलून घेतले असेल तर सात दिवस कोडच मिळत नाही. गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये (मोबाइल सेवेच्या विभागात), म्हणून पणजीहून पुण्याला गेलात तरी पोर्ट व्हायला तीन कामाचे दिवस. मुंबई वेगळे सर्कल, तिथे पाच.

कोशवेडा:
देव बरे करो! पासपोर्ट कुठे घालू?

शब्दमूळ:
पहिल्यात. फ्रेंच 'पास' अधिक 'पोर', बंदरातून जाण्याची परवानगी. ऑपॉर्च्युनिटीही तिथेच घाला: लॅटिनमध्ये 'ओप्पोर्तुनुस' म्हणजे जहाज बंदराकडे नेणारा वारा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला शाळेच्या दप्तरालाही पोर्ट म्हणतात, पण ते 'पोर्टमँटो'चे (प्रवासात न्यायची बॅग) तुटलेले रूप, म्हणून तिसऱ्यात.