मकाऊ: गोव्याच्या माणसाने तिथे जाऊन नेमकं काय बघायचं?

कवळेकरीण

नमस्कार मंडळी. भाऊ हाँगकाँगला नोकरीला आहे, दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन त्याच्याकडे जायचं ठरतंय आणि तिथून दोन-तीन दिवस मकाऊ करूया हे बाबांनीच काढलंय. बाबा पंचाहत्तरीचे, गोवामुक्तीच्या आधी सेगुंद ग्रावपर्यंत (प्राथमिक शाळेची परीक्षा) पोर्तुगेज शिकलेले, पणजीला गेलो की फोंताइन्यशमधल्या पाट्या अजून थांबून थांबून वाचतात. मकाऊत रस्त्यांच्या पाट्या अजूनही पोर्तुगेज आणि चिनी दोन्हीत आहेत हे कळल्यापासून त्यांना दम नाही. आई म्हणते जुन्या गोव्यात चर्चं कमी पडली का की एवढे पैसे घालून चीनला चर्च बघायला जायचं, आणि कॅसिनो तर मांडवीत उभे आहेतच, पुलावरून फुकट दिसतात. खरं सांगू, मला दोघांचंही पटतं.

यूट्यूबवर बघायला गेले तर सगळं कॅसिनो, खोटं व्हेनिस आणि खोटा आयफेल टॉवर. त्यात मला काडीचा रस नाही. जुनं शहर, देवळं, म्युझियम, लोक कसे राहतात, हे बघायचंय. बाबांचे गुडघे बेताचे आहेत, आई सोमवारी पूर्ण शिवराक (शाकाहारी). कुठून सुरुवात करू, काय सोडलं तर चालेल? व्हिसाचं पण सांगा कोणीतरी.

डिचोलीकर_प्रसाद

ताई, मी तिथे हॉटेललाइनमध्ये बरीच वर्षं काढलीत म्हणून हक्काने सांगतो. जुनं शहर २००५ पासून युनेस्कोच्या यादीत आहे आणि ते बसने बघायचं नाही, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जायचं. सगळे जण सेंट पॉलच्या भिंतीपासून (जळालेल्या चर्चचा उरलेला दर्शनी भाग) सुरू करतात, तुम्ही उलट करा, खाली ‘बारा’ नावाच्या भागातल्या आ-मा देवळापासून सुरू करा. आ-मा म्हणजे समुद्राची देवी, दर्यावर जाणाऱ्यांची राखणदार, आणि हे देऊळ पोर्तुगेज १५५७ च्या सुमारास तिथे स्थायिक झाले त्याच्याही आधीचं. डोंगराच्या उतारावर मोठमोठ्या खडकांमध्ये एकावर एक गाभारे आहेत, छताला उदबत्तीची गोल गोल वेटोळी टांगलेली असतात, ती हळूहळू जळत राख खाली पाडतात, डोकं सांभाळा. बाबांना सगळं वर चढायची गरज नाही, मुख्य भाग खालीच आहे.

तिथून थोडं वर चाललात की पिवळ्या-पांढऱ्या रंगाची, टोकदार कमानींची लांबलचक इमारत लागते, मूरिश बॅरक्स. टूरिस्ट एक फोटो काढून पुढे जातात. ही १८७४ साली बांधली ती कोणासाठी माहितीय? मकाऊच्या पोलिसांना मदत म्हणून आमच्या गोव्याहून जी पलटण नेली होती तिला राहायला! आता आत दर्यावर्दी खात्याचं ऑफिस आहे, आत सोडत नाहीत, पण व्हरांड्यात उभं राहता येतं. बाबांना तिथे जरा वेळ द्या, घाई करू नका.

मग लिलाऊ चौक आणि त्याला लागून मँडारिन्स हाऊस. १८६९ च्या सुमाराचं चिनी श्रीमंत घराण्याचं घर, आत अंगणामागून अंगण, साठ-एक खोल्या. आई इथे खूश होईल बघा, कारण खिडक्यांना काच नाही, लाकडी चौकटीत शिंपल्यांचे पातळ चौकोन बसवलेत, अगदी चांदोर-लोटलीच्या जुन्या घरांत असतात तसे, आणि तिथले माहितीफलकच सांगतात की ही पद्धत हिंदुस्थानातून आली. दुपारी ऊन पडलं की आतला उजेड दुधासारखा होतो. फक्त आठवड्यातून एक दिवस बंद असतं, वार बघून जा.

पुढे सेंट लॉरेन्स, सेंट जोसेफ, सेंट ऑगस्टीनचा चौक करत सेनाद चौकात उतरायचं. काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा फरशीवर, बाजूला १५६९ ची मिझेरिकॉर्दिय (चर्चची धर्मादाय संस्था). भूक तिथेच लागेल. मिन्शी खा (खिमा, बटाटा, वर अंडं), आणि बेबिंका दिसली तर मागवा, पण आपली गोव्याची थरांची गोड बिबिंक समजून नको, तिथली नारळाच्या दुधाची, एकसंध असते. आईसाठी बौद्ध लोकांची शाकाहारी हॉटेलं आहेत, तिथे निश्चिंत जेवा. बाकी ठिकाणी "मांस नको" म्हटलं तरी रस्सा डुकराचाच असू शकतो.

पेडण्याचा_भाटकार

प्रसादभाऊंनी छान लिहिलंय पण मी जरा कडू बोलतो. सेनाद चौक ते सेंट पॉल या गल्लीत दुपारी अकरानंतर पाय ठेवायला जागा नसते, मेनलँड चीनमधून एका दिवसासाठी लाखाने लोक येतात, आणि दोन्ही बाजूंची दुकानं बदामाची बिस्किटं आणि सुकवलेलं मांस हातात कोंबतात. चोथ-शिमग्याची गर्दी परवडली. मी वैतागून कोलोआनला निघून गेलो आणि माझ्या मते खरं मकाऊ तिथे शिल्लक आहे, खाडीच्या कडेला छोटं गाव, समोर हाकेच्या अंतरावर चीन, पिवळं छोटं सेंट फ्रान्सिस झेवियर चॅपल, १९२८ चं. अंड्याची तार्ट पण तिथेच खा, ती आज सगळ्या मकाऊची ओळख झाली असली तरी १९८९ साली कोलोआनच्या एका बेकरीत एका इंग्रज माणसाने सुरू केलेली आहे, पोर्तुगेजांनी नव्हे.

चर्चं बघायला जाऊ नका हे आईचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. सोन्याचा मुलामा दिलेल्या वेद्या जुन्या गोव्यात आहेत त्याच्या पासंगालाही तिथलं काही पुरत नाही.

नार्वे_मास्तर

भाटकार, तुमचं अर्धं बरोबर. वेदी बघायला गोव्याच्या माणसाने कुठेच जाऊ नये. पण सेंट पॉलची भिंत सोडायला सांगू नका हो, ती चर्च म्हणून बघायचीच नाही.

१६०२ ते १६४० च्या दरम्यान जेझुइटांनी ते चर्च आणि त्याचा दर्शनी भाग उभारला, १८३५ च्या वादळात आग लागली आणि समोरची दगडी भिंत तेवढी राहिली. जुन्या गोव्यात याच जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजचं काय उरलं? एक कमान. म्हणजे दोन्हीकडे दरवाजेच उरले म्हणा. पण मकाऊच्या भिंतीवर कोरणारे हात वेगळे होते. आराखडा इटालियन पाद्रीचा, काम जपानमधून हाकललेल्या ख्रिस्ती कारागिरांचं आणि स्थानिक चिन्यांचं. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावर बघा, दुर्बीण किंवा मोबाईलचा झूम वापरा: एका बाजूला सात डोक्यांचा ड्रॅगन आणि त्याला तुडवणारी माता, शेजारी चक्क चिनी अक्षरांत लिहिलंय की पवित्र माता ड्रॅगनचं डोकं तुडवते. पलीकडे हाडांचा सापळा, त्यालाही चिनी ओळ, मरण आठव आणि पाप करू नकोस अशी. मध्येच पोर्तुगेजांचं शिडाचं जहाज, शेवंतीची फुलं, कोपऱ्यांवर देवळाच्या दारात बसतात तसले चिनी सिंह. आमच्याकडे असं उघड मिश्रण कुठल्या चर्चच्या दर्शनी भागावर मी बघितलेलं नाही.

आणि भिंतीच्या मागे जा, लोक पुढूनच परततात. मागच्या बाजूला अगदी खेटून एक एवढंसं देऊळ आहे, नाचा नावाच्या बालदेवाचं, १८८८ साली साथीचा रोग हटावा म्हणून बांधलेलं. हा नाचा मुळात कोण तर आपल्या कुबेराचा मुलगा नलकूबर, बौद्ध ग्रंथांतून चीनमध्ये गेला आणि तिथे आगीच्या चाकांवर फिरणारा खट्याळ पोर झाला. यमलार्जुनाची गोष्ट ऐकलेल्यांना सांगायला नको, उखळ ओढत कृष्णाने ज्याला झाडातून सोडवला तोच. चर्चची भिंत, बाजूला माती-चुना-शिंपल्यांची जुनी तटबंदी आणि मध्ये आमचा नलकूबर. मला विचाराल तर सगळ्या मकाऊत बघण्यासारखं हे एक. गोव्यात पोर्तुगेजांनी देवळं पाडली आणि देव नदीपलीकडे फोंड्यात न्यावे लागले, म्हणून तर कवळ्याची शांतादुर्गा कवळ्याला आहे. मकाऊत चीनच्या बादशहाच्या मर्जीवर राहायचं होतं, भाडं भरायचं होतं, तिथे पाडापाड परवडली नसती. तेच पोर्तुगेज, पण हाती किती सत्ता आहे त्यावर वागणं ठरलं. हे डोक्यात ठेवून फिरलात तर आईचा प्रश्न आपोआप सुटेल.

गुडघ्यांसाठी: बाजूच्या मोंते किल्ल्यावर जायला म्युझियममधून सरकते जिने आहेत, चढायची गरज नाही. वर १६२२ च्या डच हल्ल्याच्या वेळी वापरलेल्या तटावर तोफा तशाच आहेत, आणि म्युझियम खरोखर चांगलं आहे.

कवळेकरीण

मास्तर, तुमचा रिप्लाय बाबांना मोठ्याने वाचून दाखवला, नलकूबराशी आल्यावर आई पण स्वयंपाकघरातून बाहेर आली 😄 आता तीच विचारतेय सायबाचं (सेंट फ्रान्सिस झेवियरचं) काही आहे का तिथे? ती दरवर्षी फेस्ताला जुन्या गोव्याला जातेच.

डिचोलीकर_प्रसाद

आहे तर! सायब १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांच्वान बेटावर वारले, ते मकाऊपासून फार लांब नाही, आणि देह मग मलाक्कामार्गे गोव्याला आला. त्यांच्या हाताचं एक हाड मकाऊला आहे, आधी कोलोआनच्या त्या चॅपलमध्ये होतं, आता सेंट जोसेफ सेमिनरीच्या चर्चमध्ये काचेत ठेवलंय. मी सांगितलेल्या वाटेवरच लागतं, वेगळं जावं लागत नाही. आणि बाबांना एक गंमत सांगा, आपला मुक्तिदिन १९ डिसेंबर, मकाऊ चीनच्या ताब्यात गेलं तो दिवस २० डिसेंबर १९९९.

पेडण्याचा_भाटकार

बरं बाबा, हरलो. पण भिंतीकडे सकाळी आठला जा, त्यानंतर तो सापळा बघायला वर मान करायला पण जागा मिळणार नाही. आणि कॅसिनोंना शिव्या घालून पण त्यांच्या फुकट बसेस जरूर वापरा, हाँगकाँगहून येणाऱ्या पुलाच्या नाक्यावरून, फेरी टर्मिनलवरून सुटतात, आत शिरून एक पैसा लावायची सक्ती नाही.

होरिझाँट_म्हापसा

व्हिसाचं कोणीच लिहिलं नाही म्हणून. मकाऊला भारतीय पासपोर्टवर तीस दिवसांपर्यंत आधी व्हिसा काढावा लागत नाही. हाँगकाँगसाठी मात्र ऑनलाइन प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन करावं लागतं, फुकट आहे, त्यावर एका वेळी चौदा दिवस राहता येतं. तुम्ही भावाकडे राहून मकाऊला जाऊन परत हाँगकाँगला येणार ना, मग तेच रजिस्ट्रेशन परतीलाही चालतं, मुदत संपलेली नाही एवढं बघा. नाव पासपोर्टवर जसंच्या तसं टाका, आमच्याकडे आडनावं आणि वडिलांची नावं कागदागणिक बदलतात, तिथेच लोक अडकतात. निघायच्या आधी अधिकृत साइटवर एकदा खात्री करा, नियम बदलत असतात. विमानतळावरून थेट मकाऊलाच जायचं असेल तर फेरी किंवा पुलावरची बस मिळते आणि हाँगकाँगच्या इमिग्रेशनमधून जावं लागत नाही, पण तुमच्या बेतात ते बसत नाही. पैसे वेगळे बदलू नका, हाँगकाँग डॉलर मकाऊत सगळीकडे घेतात, फक्त सुट्टे पताका (मकाऊचं चलन) परत मिळाले तर तिथेच संपवा, हाँगकाँगमध्ये ते चालत नाहीत.

कवळेकरीण

देव बरें करूं सगळ्यांना. बाबांचा पासपोर्ट जुना आहे, त्यात नाव पोर्तुगेज स्पेलिंगने आहे आणि आधारवर वेगळं. तिकीट काढायच्या आधी नवीन करून घेऊ की पासपोर्टचंच स्पेलिंग सगळीकडे टाकू?

होरिझाँट_म्हापसा

पासपोर्टचंच टाका, तिकिटावर आणि रजिस्ट्रेशनवर दोन्हीकडे. आधार कोणी बघत नाही तिथे. मुदत मात्र सहा महिन्यांहून जास्त शिल्लक हवी, ती आजच बघा.