स्वमग्न मुलांच्या मेंदूतील जोडणी आणि डोक्याची हालचाल
स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या मेंदूत दूरच्या भागांमधील जोडणी, म्हणजे त्या भागांचे एकाच लयीत काम करणे, कमी असते हे आता सिद्धच झाले आहे, असे म्हटले जाते. ते मला मान्य नाही. २००४ साली मेंदू-संशोधक मार्सेल जस्ट आणि सहकाऱ्यांनी मांडलेला हा विचार प्रौढांच्या तपासणीवर आधारलेला होता, तर २०१३ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधक गटाला ७ ते १२ वर्षांच्या स्वमग्न मुलांमध्ये उलट अधिक जोडणी आढळली.

शिवाय असे म्हणताना तपासणीच्या वेळी होणाऱ्या डोक्याच्या हालचालीचा मुद्दा विचारात घेतलेलाच नाही. ही जोडणी मोजणारा एमआरआय चालू असताना डोके मिलिमीटरच्या काही अंशानेही हलले, तर दूरच्या भागांमधील जोडणी आहे त्यापेक्षा कमी आणि जवळच्या भागांमधील जास्त भासते, हे २०१२ मध्ये वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिले. माझ्या स्वमग्न भाच्याच्या तपासणीच्या वेळी मी त्याच्या पायाशी उभा होतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोमच्या उशा आणि कानांवर हेडफोन असूनही यंत्राची ठकठक सुरू होताच त्याने खांदे आखडून घेतले आणि मान वळवली. अशा मुलांच्या प्रतिमा बहुतेक वेळा अभ्यासातून वगळल्या जातात, त्यामुळे ज्यांना आधाराची सर्वांत जास्त गरज आहे, विशेषतः न बोलणारी मुले, तीच या निष्कर्षांत फार थोडी सापडतात.