क्यू अक्षराची शेपटी

युरोपातल्या मध्ययुगीन हस्तलिखितांतली चित्राक्षरं, म्हणजे चित्रांतून घडवलेली मोठी आद्याक्षरं, ही निव्वळ पान सजवायची हौस, असं एक मत आहे; ते मला अर्धंच पटतं. बऱ्याचदा नक्षी ही नक्षीच असते; प्रत्येक वेलीत पाप-पुण्य शोधणं हा अभ्यासकांचा लाडका उद्योग आहे.

पण फ्रान्समधल्या सितो मठात ११११ च्या सुमारास झालेली पोप ग्रेगरीच्या ईयोब-भाष्याची (बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकावरच्या टीकेची) प्रत बघा. तिथे 'क्यू' अक्षर बनलंय ते ओंडका फोडणाऱ्या दोन साधूंचं, तेही फाटक्या झग्यांत! याच मठातून निघालेला सिस्टर्सियन हा ख्रिस्ती साधूंचा पंथ तेव्हा नवा होता. स्वतःच्या हातांनी राबणं हाच क्लुनीसारख्या श्रीमंत मठांपेक्षा आपण वेगळे असल्याचा त्यांचा दावा, आणि तो त्यांनी थेट अक्षरात बसवला. गंमत म्हणजे त्याच शतकात पुढे याच पंथानं नियम केला की अक्षरं एकरंगी असावीत, चित्रं नकोत. सजावटीला अर्थ असतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

अक्षरात कोण दिसतं हेही बघायला हवं. बाराव्या शतकातल्या गुडा या जर्मन ननने 'डी' अक्षरात स्वतःलाच रंगवलं आणि 'मी पापी स्त्रीने हे लिहिलं, रंगवलं' अशी नोंद केली. ऑग्सबर्गच्या एका स्तोत्रग्रंथात क्लॅरिशिया नावाची मुलगी चक्क 'क्यू'ची शेपटी होऊन लोंबकळते. मोकळे केस, साधा पोशाख. त्यावरून ती नन नसून मठात शिकणारी मुलगी असावी असं मानतात. तीच चित्रकार होती का, यावर मात्र एकमत नाही. हा ग्रंथ आता बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात आहे.