‘ट्रायो सोनाटा’तले तीन कोणते?

प्रश्न : इटालियन संगीतकार विवाल्दीच्या ‘ला फोलिया’ या रचनेचा (व्हेनिस, १७०५) परिचय लिहिताना मी ‘ट्रायो सोनाटा’साठी (‘ट्रायो’ म्हणजे तिघांचा मेळ, ‘सोनाटा’ म्हणजे वाद्यांसाठीची रचना) ‘त्रिवाद्य सोनाटा’ असा शब्द योजला आहे. परंतु मंचावर दोन व्हायोलिन, चेलो (व्हायोलिनच्या कुळातले मोठे, खालच्या स्वरांचे वाद्य) आणि हार्प्सिकॉर्ड (पियानोसारखे जुने पट्ट्यांचे वाद्य) अशी चार वाद्ये दिसतात. शब्द बदलावा काय?

उत्तर : बदलावा, कारण हे तीन वाद्यांचे नव्हेत, सुरावटींचे आहेत. वरच्या दोन सुरावटी दोन व्हायोलिनांकडे असतात. तिसरी, खर्जाची सुरावट चेलोवर वाजते आणि हार्प्सिकॉर्डवादकाचा डावा हातही तीच वाजवतो, तर उजवा हात त्या स्वरांसोबत छापलेले आकडे पाहून कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, भरत जातो. इटालियन संगीतकार कोरेलीच्या पहिल्या संग्रहातील (रोम, १६८१) सोनाटे ‘अ त्रे’, म्हणजे तिहींचे, म्हणवतात. तरी त्यांच्या वादकांसाठीच्या छापील वह्या चार आहेत. याउलट जर्मन संगीतकार बाखचे सहा ट्रायो सोनाटे एकटा ऑर्गनवादक वाजवतो: दोन हात दोन वेगळ्या कीबोर्डांवर, पाय खालच्या, पायांनी दाबायच्या पट्ट्यांवर. तेथे ‘त्रिवाद्य’ म्हणणे अगदीच विपरीत ठरेल.

दुसरे मत : ‘तिपेडी सोनाटा’ कसा वाटतो? दोन्ही व्हायोलिने सारख्याच उंचीच्या स्वरांत वावरत एकमेकींना ओलांडत राहतात, हे ऐकताना वेणीचीच आठवण होते.

उत्तर : शब्द मोहक आहे, हे मान्य. पण वेणीतला प्रत्येक पेड आळीपाळीने वर येतो. येथे खर्जाचा पेड जागा सोडत नाही. ‘फोलिया’त तर तोच ठरलेला खर्ज पुन्हापुन्हा येतो आणि त्यावर व्हायोलिने दर आवर्तनात नवे काही रचतात. (‘फोलिया’ हा मूळचा पोर्तुगीज नाच, आणि शब्दाचा अर्थ वेडेपणा, हेही परिचयात यावे.) म्हणून पहिल्या उल्लेखात ‘ट्रायो सोनाटा, म्हणजे तीन सुरावटींचा सोनाटा’ असे लिहावे व पुढे मूळ नावच ठेवावे.

जाता जाता: ‘अलेग्रो’ या, रचना कशी वाजवावी हे सांगणाऱ्या सूचनेसाठी आपण ‘द्रुत’ लिहिले आहे. इटालियनमध्ये त्याचा अर्थ ‘आनंदी’ असा आहे, आणि ‘द्रुत’मध्ये केवळ वेग येतो, ‘उल्हासाने, चढ्या लयीत’ हे लांब असले तरी अधिक खरे आहे.