मदत हवी आहे: बाबांना मोडीचं काही काम मिळेल का? (इंदूर)

मंडळी, आई गेल्यापासून बाबा (वय ७८) पार मिटून गेलेत. "आता मी कशासाठी जगतोय?" हेच दिवसभर. डॉक्टरांची औषधं चालू आहेत, तेव्हा कृपया बुवा-महाराज सुचवू नका.

मी त्यांना व्हिक्टर फ्रँकलबद्दल सांगितलं. नाझी छळछावण्यांतून वाचलेला हा व्हिएन्नाचा मनोविकारतज्ज्ञ म्हणायचा, जगण्याचा अर्थ तीन वाटांनी सापडतो: काही घडवून, कुणाला जीव लावून, आणि दुःख टळणारच नसेल तर आपण त्याला कसं सामोरं जातो त्यातून. बाबा म्हणाले, "तिसरी वाट सांगायला सोपी आहे."

मग अहिल्याबाईंचा विषय काढला. १७५४ मध्ये नवरा गेला, १७६६ मध्ये सासरे, पुढच्याच वर्षी मुलगा. तरी १७९५ पर्यंत बाईंनी कारभार हाकला. यावर उत्तर: "त्यांच्यापुढे रोज फिर्यादी यायचे. माझ्यापुढे कोण येतं?"

खरं सांगते, मला हे पटलं. उपदेश पुरे, पहिल्या वाटेनंच जावं.

बाबांना मोडी उत्तम वाचता येते. इथल्या जुन्या मराठी घरांत मोडीतली पत्रं, हिशेबाच्या वह्या पडून असतात. कुणाकडे आहेत का? मोबाइलवर त्यांना नीट दिसत नाही, झेरॉक्स चालेल. शक्य असेल तर स्वतःच घेऊन या. आम्ही रामबागेत राहतो, संध्याकाळी पाचनंतर केव्हाही. कुणाला मोडी शिकायची असेल तर तेही सांगा. थोडे रागावतात, पण शिकवतात छान.