मदत हवी आहे : बायकांसमोर मोठ्याने वाचता येतील अशा कविता

नमस्कार मंडळी. आमच्या गावात बचत गटाच्या बैठकीनंतर आम्ही तासभर कविता वाचतो. पंधरा-वीस जणी असतात, बहुतेक शेतातून थेट आलेल्या.

अनुराधा पाटील यांच्या ‘कदाचित अजूनही’ला २०१९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो संग्रह आहे माझ्याकडे. हिरा बनसोडे, मल्लिका अमर शेख, प्रज्ञा दया पवार यांच्याही कविता वाचल्यात. हिराताई वाचताना जातीचा जाच आणि घरातला जाच वेगळा काढताच येत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मागच्या खेपेला मात्र एक मावशी म्हणाल्या, “बाई, हे सोसणं आमच्या रोजचंच की. पुढं काय झालं तिचं?” तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही. त्यांना जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत, आणि त्या ओव्यांत सासूला, नवऱ्याला, दैवाला रोखठोक जाब विचारलेला असतो. मग आजच्या कवितेत बाई नुसती दुःखाची मूर्ती होऊन उभी राहिली की त्यांना ते परकं वाटतं.

तर २००० नंतरच्या अशा कविता सुचवाल का, जिथे बाई रागावते, हसते, नकार देते, घर सोडते किंवा घरातच राहून अडून बसते? अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलीतल्या असतील तर फारच बरं. मुक्तछंदही चालेल, फक्त कानांना एकदा ऐकून कळायला हवी. पुढची बैठक संक्रांतीच्या आठवड्यात आहे.