दाढेच्या उपचाराला एवढा खर्च, मग नव्या दंतवैद्यांची मिळकत एवढी कमी का?

पालक, लातूर

माझ्या मुलीने यंदा नीट ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा दिली. तिच्या गुणांवर एमबीबीएसला प्रवेश मिळणे अवघड दिसते, परंतु राज्याच्या प्रवेश फेरीतून खासगी महाविद्यालयात बीडीएसची, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीची, जागा मिळेल, असे वाटते. तिला स्वतःला दंतवैद्यच व्हायचे आहे, घरात मात्र एकमत होत नाही. यजमानांच्या एका दाढेचे रूट कॅनॉल आणि वरची कॅप यांसाठी नुकतेच अकरा हजार रुपये भरावे लागले, तेव्हा या व्यवसायात चांगला पैसा असावा, असे आम्हाला वाटले. दुसरीकडे, नात्यातला बीडीएस झालेला मुलगा शहरातल्या एका दवाखान्यात महिना सोळा हजारांवर काम करतो. रुग्णाला उपचार महाग वाटतात आणि डॉक्टरची मिळकत कमी, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

दंतवैद्य, सातारा जिल्हा

ताई, आपण मांडलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

फिजिशियन रुग्णाला तपासून औषधे लिहून देतो आणि पुढच्या रुग्णाकडे वळतो. आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक उपचार ही एक छोटी शस्त्रक्रियाच असते आणि ती डॉक्टरने स्वतःच्या हातांनी, त्या एकाच खुर्चीवर बसून पूर्ण करायची असते. आपल्या यजमानांच्याच दाढेचे पाहा. वरची पहिली दाढ असेल, तर तिच्या मुळांत बहुधा चार नलिका असतात आणि त्यांतली चौथी इतकी अरुंद असते की ती शोधण्यातच बराच वेळ जातो. तिच्यात प्रथम जी दहा नंबरची फाइल, म्हणजे नलिका साफ करायची सुईसारखी बारीक कानस, घालतात, तिचे टोक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे असते. मुळाच्या टोकापर्यंत पोहोचायचे, पण त्यापलीकडे जायचे नाही, म्हणून लांबी यंत्राने आणि एक्स-रेने पडताळतात. त्यानंतर नलिका रुंद करणे, पुन्हा पुन्हा धुणे, कोरडी करणे आणि गट्टापर्चा या रबरासारख्या पदार्थाने भरणे, ही कामे एका बैठकीत किंवा दोन-तीन बैठकांत होतात. यंत्रावर फिरणाऱ्या निकेल-टायटॅनियमच्या फाइल वापराने कमकुवत होतात आणि दाढेतच तुटण्याचा धोका असतो, म्हणून त्या ठरावीक वापरानंतर टाकून द्याव्या लागतात.

कॅपचे पैसे वेगळे असतात, कारण ती डेंटल लॅबमध्ये तयार होते आणि लॅबचे बिल दवाखान्याला भरावे लागते. धातूवर पोर्सिलेन चढवलेली कॅप आणि झिर्कोनियाची कॅप यांच्या दरांत दुपटीहूनही अधिक फरक असू शकतो. त्यामुळे उपचार सुरू होण्यापूर्वीच कोणती कॅप बसवणार आणि रूट कॅनॉलचे व कॅपचे पैसे स्वतंत्रपणे किती, हे विचारून घ्यावे. नीट काम करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

उरलेल्या रकमेतून जागेचे भाडे, साहाय्यकाचा पगार, ऑटोक्लेव्ह (उपकरणे निर्जंतुक करण्याचे यंत्र), कॉम्प्रेसर, खुर्ची व एक्स-रे सेन्सर यांचे हप्ते आणि दुरुस्ती भागवावी लागते. अवघड दाढेसाठी बाहेरून एमडीएस (दंतवैद्यकातील पदव्युत्तर पदवी घेतलेला) तज्ज्ञ बोलावला, तर त्याचा वाटाही त्यातूनच जातो. नव्या बीडीएसकडे खुर्ची नसते, रुग्ण नसतात आणि हातही पुरता बसलेला नसतो. शहरांत दंतवैद्य भरपूर असल्याने मालकाला कमी पगारावर माणूस मिळतो. नात्यातल्या मुलाचा पगार कमी आहे, तो यामुळे. स्वतःचा दवाखाना, तोही तालुक्याच्या गावी, काढून काही वर्षे टिकून राहणाऱ्यांची स्थिती बरीच बरी असते.

आणखी एक सांगावेसे वाटते, कारण हे रोज पाहून वाईट वाटते. कीड दाताच्या वरच्या कठीण आवरणात असते, तेव्हा दुखत नाही आणि एका बैठकीत, थोड्या पैशांत सिमेंट भरून काम होते. माणसे येतात ती कीड दाताच्या आतल्या नसेला पोहोचून झोप उडाल्यावर. तोवर हजाराच्या आसपासचे काम दहा हजारांवर गेलेले असते. आरोग्य विम्यात सहसा अपघाताव्यतिरिक्त दातांचे बाह्यरुग्ण उपचार धरलेले नसतात, त्यामुळे सगळा भार खिशावर येतो.

इंटर्न, शासकीय दंत महाविद्यालय

अभ्यासक्रमाविषयी थोडे लिहितो. बीडीएस चार वर्षांचे आणि त्यानंतर एक वर्षाची इंटर्नशिप असते. पहिल्याच वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून एकेक दात मापात कोरावा लागतो. दाढेचे उंचवटे आणि खाचा जागच्या जागी आल्या नाहीत, तर शिक्षक तो ठोकळा परत करतात. मुलीला बारीक हस्तकौशल्याची आणि तासन्‌तास एकाच कामात राहण्याची आवड आहे का, हे तिला आताच विचारा. तिसऱ्या वर्षापासून प्रत्यक्ष रुग्ण पाहायचे असतात आणि ठरलेल्या संख्येइतकी कामे पूर्ण करावी लागतात, त्यामुळे महाविद्यालय निवडताना तिथल्या बाह्यरुग्ण विभागात खरोखर किती गर्दी असते, हे स्वतः जाऊन पाहावे. चकचकीत इमारतीपेक्षा मला ती गर्दी महत्त्वाची वाटते.

खर्च परवडत नसलेल्या रुग्णांसाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, तसेच मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय हा चांगला पर्याय आहे. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पण शुल्क खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी असते.

पालक, लातूर

दोघांचेही मनापासून आभार. मुलगी चित्रे आणि मातीची शिल्पे करते, म्हणून मेणाचे वाचून ती फार खूश झाली. आम्ही इतर मागास प्रवर्गातील आहोत आणि वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे. कर्ज काढावे का?

दंतवैद्य, सातारा जिल्हा

कर्जाआधी सवलतीची चौकशी करा. राज्य शासनाच्या जुलै 2024 च्या निर्णयानुसार, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. मात्र प्रवेश राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतूनच हवा. व्यवस्थापन कोट्यातील (महाविद्यालयाच्या स्वतःच्या वाट्याच्या) जागा आणि खासगी अभिमत विद्यापीठे यांना ती लागू नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीची कागदपत्रे आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र आताच काढून ठेवा. वसतिगृह आणि उपकरणांच्या पेटीचा खर्च तरीही आपल्यालाच करावा लागेल. सवलत मिळत असेल, तर मुलीला जरूर पाठवा. अभिमत विद्यापीठात मोठे कर्ज काढून पाठवण्याचा सल्ला मात्र मी देणार नाही, कारण सुरुवातीच्या पगारात त्याचा हप्ता निघत नाही.